साडभाऊंची सांदवाडी

भंडारा आणि कारधा ही दोन गावं मिळून अशी एकही देशी गाय नसेल, जिच्या मागे माझे मोठे साडभाऊ कधी ना कधी डबा घेऊन उभे राहिले नाहीत. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान; नात्यानं तेही मला साडभाऊच म्हणतात. वैनगंगेच्या पलीकडे, कारध्याला त्यांचं घर आणि घरामागे सांदवाडी. आमच्याकडे प्रत्येक घरामागे अशी भाजीपाल्याची वाडी असते. तिच्यात चार वांगी, दोन मिरच्या आणि एखादा दोडक्याचा वेल असतो, आणि हे सगळं कुणी फारसं लक्ष न देता वाढतं. साडभाऊंच्या सांदवाडीत मात्र लक्ष दिल्याशिवाय काही वाढायची सोय नव्हती. गोमूत्र देशी गाईचं हवं, सकाळचं हवं आणि जमिनीला न टेकलेलं हवं, असं त्यांना कुठल्याशा शिबिरात कुणी सांगितलं होतं. तेव्हापासून रोज उजाडलं की ते डबा घेऊन निघत. गाय उभी राहिली की तेही उभे राहत, गाय चालू लागली की तेही चालू लागत. एकदा एक गाय त्यांना पुलावरून थेट भंडाऱ्यात घेऊन आली आणि नेमकी माझ्याच दारासमोर थांबली. मी आपला रीतीप्रमाणे चहाला बोलावलं. ते गाईवरची नजर न हलवता म्हणाले, "चहा नोको साडभाऊ. मी आत गेलो अन् हिनं तेवढ्यात केलं, तं मंग एवढं चालून काय फायदा?"

नोकरीत ते कंडक्टर होते. सगळी हयात लाल गाडीत गेली, त्यातली बरीचशी तुमसर ते सिहोरा या रस्त्यावर. निवृत्त झाल्यावर खांद्यावरची कातडी पिशवी गेली, पण हाताखाली पासिंजर लागतात ही सवय गेली नाही. ते रोपं लावत नसत, बसवत. वाफ्यात दाटी झाली की "सरका, थोडे मांगं सरका" असं म्हणत एकेक रोप उपटून दुसरीकडे हलवत. बरबटीचा, म्हणजे चवळीचा, वेल शेजाऱ्याच्या कुंपणावर चढला, तेव्हा त्यांनी त्याला तिकीट नसलेल्या माणसासारखं मानगुटीला धरून खाली उतरवलं होतं. औषध मारायचं नाही हा नियम, त्यामुळे वांग्यावरच्या अळ्या ते हातानं वेचत. पण मारायच्याही नाहीत. मिठाईच्या रिकाम्या खोक्यात त्या गोळा करून नदीकाठी बेशरमाच्या झुडपांपर्यंत नेत आणि खोकं उपडं करून म्हणत, "उतरा. गाडी येथूनच वापस जाते." मी हे स्वतः पाहिलं आहे. त्यांच्या चेहऱ्यावर विनोदाचा लवलेश नव्हता.

अंगणातल्या निळ्या ड्रममध्ये त्यांचं जीवामृत शिजत असे. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. हा ड्रम ते सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळत, आणि त्या वेळी वारा कोणत्या दिशेनं वाहतो यावर त्या दिवशी कुणाकडे जेवणं लवकर आटोपायची ते ठरे. त्या घरात बेसन पाहुण्यांसाठी येत नसे. आम्ही पावसाळ्यात त्यांच्याकडे गेलो की माझी आकडसासू, म्हणजे बायकोची ही मोठी बहीण, जिला मी ताई म्हणायचो, ती चहासोबत मुरमुरे पुढे करून म्हणायची, "भजे केले असते हो, पन बेसन ड्रमानं खाल्लं." ती सिहोऱ्याकडच्या धानवाल्या घरातली. शेती म्हणजे काय हे तिला माहेरीच कळलं होतं, त्यामुळे ती नवऱ्याला शेतीविषयी कधी काही सांगत नसे. ती फक्त ड्रमावरून उडणाऱ्या माश्या पदरानं हाकलायची.

भाजी साडभाऊंनी कधी विकली नाही. ते वानोळा पाठवत. नवं काही निघालं की नात्यागोत्यात, शेजारपाजारी वाटायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. पण साडभाऊंचा वानोळा नुसता घेऊन भागत नसे. तो कसा चिरायचा, किती शिजवायचा, तिखट का घालायचं नाही, हे सगळं ऐकावं लागे, आणि दोन दिवसांनी ते परीक्षेचा निकाल घ्यायला हजर होत. वांग्याला भोक असलं तर माझी बायको तोंड वाकडं करायची. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "अळीनं आधी चाखून पाहिलं, म्हून तुमाले देऊन राहिलो." माझ्या पुतणीच्या लग्नात पंगत बसली होती. आमच्याकडे वांगे-आलूच्या भाजीशिवाय लग्न लागलंसं वाटत नाही. साडभाऊंनी द्रोणातलं वांगं बोटानं उलटसुलट केलं आणि आचाऱ्याला सगळ्यांसमोर विचारलं, "काहून हो, याच्यात एकबी अळी नाही? काय मारलं होतं?" त्या पंगतीत त्यानंतर भाजी कुणी दुसऱ्यांदा मागितली नाही, आणि माझ्या भावानं साडभाऊंशी बोलणं वर्षभर कमी ठेवलं.

आता एवढ्या थाटानं वावरणाऱ्या माणसाची सांदवाडी पहिल्या हंगामात साफ बसली होती, हे आमच्या घराबाहेर फार जणांना ठाऊक नाही. जमीन मुरमाड. आधीच्या मालकानं तिला काय काय पाजलं होतं कोण जाणे. साडभाऊंनी निवृत्तीच्या समारंभातच सगळ्या नातेवाइकांना जाहीर केलं होतं, की पुढच्या हिवाळ्यात प्रत्येकाच्या घरी विषाशिवायची भाजी येईल. हिवाळा आला, पण रोपं वीतभरच राहिली आणि पिवळी पडली. साडभाऊंनी ड्रम ढवळणं वाढवलं, जेवण कमी केलं. दिवसचे दिवस ते वाफ्याच्या कडेला पाट घेऊन बसू लागले. कुणी विचारलं तर म्हणत, "गाडी लेट हाये, पन येईन." ताईनं हे पंधरवडाभर पाहिलं. मग माहेरी निरोप धाडून, कशाला हवा ते न सांगता, भावाकडून थोडा युरिया मागवला. सकाळी साडभाऊ गाईच्या मागे गेले की ती ओंजळभर युरिया पदरात घेऊन सांदवाडीत शिरायची, बुडाबुडाशी चिमूट चिमूट सोडायची आणि वरून पाणी घालायची. माहेरी धानाला मारतात तस्सा. आठवड्याभरात वांग्याची रोपं काळपट हिरवी झाली. साडभाऊ त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले.

त्यानंतर तिला थांबता येईना. युरिया तिनं सैपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर साबुदाण्याच्या डब्यात ठेवला, कारण दिसायला तो साबुदाण्यासारखाच. चुकून कुणी हात घालेल या भीतीनं त्या घरातून साबुदाणा कायमचा हद्दपार झाला आणि उपासाला शिंगाडा आला. साडभाऊ याचंही कौतुक सांगत, की बायकोनं माझ्या तब्येतीसाठी साबुदाणा सोडला. ही गोष्ट ताईनं फक्त माझ्या बायकोला सांगितली होती, आणि बायकोनं फक्त मला. "तू कोनाले सांगशीन नोको व," ताई बहिणीला म्हणाली होती. "त्याईले समजलं तं ते वाडी सोडून देतीन, अन् मंग दिवसभर करतीन काय? मलेच पुढं सरक, मांगं सरक करतीन." हे ती हसत म्हणाली, पण तिला खरीच भीती होती, असं माझी बायको सांगते.

इकडे साडभाऊंची कीर्ती वाढत चालली. लांबलांबून लोक सांदवाडी पाहायला येऊ लागले. साडभाऊ त्यांना भेदरं, म्हणजे टोमॅटो, दाखवत, वालाच्या शेंगा दाखवत, ड्रमाचं झाकण उघडून वास घ्यायला लावत आणि बाटली भरून जीवामृत फुकट देत. त्या लोकांच्या घरी मात्र वांगी वीतभरच राहत. ते तक्रार घेऊन आले की साडभाऊ त्यांना गाईपासून विचारायला सुरुवात करत. गाय देशीच होती ना? शिंगं कशी होती? ढवळताना मनात काय होतं? शेवटी दोष माणसाच्या श्रद्धेवर येई. ताई आतून पाण्याचे गिलास घेऊन यायची, ते शांतपणे वाटायची आणि जाताना माझ्याकडे बघायची नाही. मला हसू आवरायला खूप कष्ट पडत. एवढं जीवामृत पडूनही मातीत गांडुळं दिसत नाहीत याचं मात्र साडभाऊंना कोडं होतं. ते म्हणत, "सगळं हाये, पन हे पासिंजर काहून चढून नाही राहिले?"

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुमारास ताई गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं, तिथून नागपूरला हलवलं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. मला ती फार आवडायची, हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही, म्हणून इथे लिहितो. तेरवीच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. नात्यातल्या एका म्हाताऱ्या आत्याबाईंचा उपास होता. त्यांनी आपणहून फळीवरचा डबा काढला आणि ओंजळभर साबुदाणा गंजात, म्हणजे पातेल्यात, भिजत घातला. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, "हा कसा साबुदाना व बाई? पान्यात इरूनच गेला! अन् गंज पाहा कसा थंडागार पडला!" माझी बायको रडत बसली होती, ती तशीच उठली. पातेलं आणि डबा दोन्ही उचलून तिनं मागच्या दारानं नेऊन वांग्यांच्या वाफ्यात रिकामी केली, आणि परत येऊन पुन्हा रडायला बसली. साडभाऊ समोरच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. त्यांना काही कळलं नाही.

तो शेवटचा युरिया. त्या हिवाळ्यात सांदवाडी उतरली. पानं पिवळी, वांगी लिंबाएवढी, बरबटी वेलावरच वाळून गेली. मी अधूनमधून रविवारी जात असे. साडभाऊ मला वाफ्यावाफ्यानं फिरवत आणि हळू आवाजात म्हणत, "पाहा साडभाऊ. मानसं तेरवी झाली का कामाले लागले. झाडायले समजते. ती गेली तवापासून याईनं खानं-पेनं सोडलं." मी मान हलवत असे. दुसरं काय करणार? बायको म्हणायची, "जाऊन टाकून या न मूठभर, त्याईले बरं वाटन." पण मला ते जमलं नाही. एक तर किती टाकायचा हे मला माहीत नव्हतं. दुसरं म्हणजे, तिच्यासाठी सगळी सांदवाडी शोक करते आहे, एवढाच आधार त्या माणसाजवळ उरला होता, आणि तो ओंजळभर दाण्यांनी काढून घ्यायचा मला धीर झाला नाही.

साडभाऊ मात्र थांबले नाहीत. पुढल्या उन्हाळ्यात गावाजवळची बोडी आटली, तेव्हा तिच्यातला गाळ त्यांनी घमेल्या-घमेल्यानं वाहिला. धानाची तणीस, म्हणजे वाळका पेंढा, आणून सगळ्या वाफ्यांवर अंथरली. उन्हात झाडांची मुळं पोळू नयेत, म्हणून. ड्रम चालूच होता, गाईही चालूच होत्या. फक्त लोकांना सांगणं बंद झालं होतं. बाटल्या मागायला कुणी आलं तर ते भरून देत आणि दार लावून घेत.

या हिवाळ्यात मी गेलो तेव्हा दारातूनच थबकलो. वांगी लगडली होती. झाडं कमरेला लागत होती, पानं तळहाताएवढी, आणि तणीस जरा उचलली तर खाली काळी भुसभुशीत माती आणि तिच्यात वळवळणारी गांडुळंच गांडुळं. ओंजळभर काय, चिमूटभर युरियाही या मातीत दोन पावसाळ्यांत पडला नव्हता. इतकी वर्षं हा माणूस जे गर्जून सांगत होता, ते आज पहिल्यांदा खरं झालं होतं, आणि हे जगात फक्त मला आणि माझ्या बायकोला ठाऊक होतं. मला इतका आनंद झाला की साडभाऊंचे दोन्ही हात धरून त्यांचं अभिनंदन करावंसं वाटलं. पण कशाचं, हे सांगता येणार नव्हतं.

साडभाऊ वाफ्याच्या कडेला उभे होते. हातात विळा होता, पण एकही वांगं तोडलेलं नव्हतं. ते म्हणाले, "पाहून राहिले ना साडभाऊ? इसरले हे तिले."

खरं उत्तर माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते सांगितलं असतं तर ते जिंकले असते, पण मग झाडांनी कधी शोकच केला नव्हता, हेही त्यांना कळलं असतं. मी ते गिळलं.

"इसरले नाही हो," मी म्हटलं. "आता कुठं सावरले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग झाडांकडे पाहिलं. "मंग मीच मांगं राह्यलो म्हना," ते म्हणाले, आणि वांगी तोडायला खाली वाकले.