कोशिंबिरीतली कवळी

माझा पुढचा दात भाताच्या पोत्यानं खाल्ला. म्हणजे, पोत्याची सुतळी मी दातानं तोडायला गेले आणि सुतळी जिंकली! (विळी हाताशीच होती, पण उठायचं कुणी?)

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पासलीहून नसरापूर, तिथं गाडी बदलून भोर, असं करत मामंजी मला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी एका दाताची कवळी दिली आणि बजावलं, "रोज लावा. जागा मोकळी राहिली तर शेजारचे दात हळूहळू सरकतात."

"मोठ्या मान्साचं बी?"

"मोठ्यांचेही."

"म्हंजी बांध कोरत्यात म्हना की!" मामंजींना एकदम पटलं. चुलतभावानं शेताचा बांध कोरल्यापासून या विषयात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या तोंडावर पहारा बसला. "सूनबाई, लावलीया का? जागा मोकळी सोडू नगा!"

अशातच माझ्या नणंदेच्या, शोभा वन्संच्या, लग्नाची बोलणी करायला पाहुणे आले. मुलगा वन्संच्या मनात भरला होता, त्यामुळे काही बिघडू नये म्हणून सगळं घर धास्तावलेलं. मी कवळी धुऊन न्हाणीच्या कट्ट्यावर वाटीत ठेवली होती. पाहुणे जेवायला बसले, मी कवळी लावायला गेले, तर वाटी रिकामी!

तोंडावर पदर धरून मी सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, कवळी कुठं हाय वो?"

"कवळी व्हय? चिरून कोशिंबिरीत घातली की!"

"चिरली?"

"मग! लई कुरकुरीत हाय. पावन्यास्नी वाढली बी."

मी धावले. मुलाचे मामा घास उचलत होते. "खाऊ नगा!" म्हणत मी त्यांचं ताट ओढलं आणि कोशिंबीर बोटांनी चिवडायला लागले. तिथं काही मिळेना, म्हणून मुलाच्या आईचं ताट ओढलं!

"काय घातलंय तिच्यात?" मामांचा आवाज चिरकला.

"वैनी, काय करताय वो?" दारात शोभा वन्सं रडकुंडीला आलेल्या.

"माजी कवळी!" पदर सुटला आणि माझं खिंडार अख्ख्या पंगतीनं पाहिलं.

"अगं बया, म्या काकडीचं सांगत हुते!" आत्याबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. (त्यांच्या लेखी कवळी म्हणजे परसातली कवळी काकडी. माझ्या दाताला त्या 'पलेट' म्हणायच्या.)

मामंजी शांतपणे भात कालवत होते. "सूनबाई, ती म्या देव्हाऱ्यात ठिवलीया. न्हानीतनं कुत्रं न्यायचं."

लग्न मोडलं, असंच मी धरून चालले. इतक्यात मुलाची आई हसायला लागली. हसता हसता तिनं स्वतःची अख्खी कवळी काढून हातात धरली. "लई हसले की पडती माजी! असलं घर कुठं गावायचं न्हाई. फोडा सुपारी!"

शोभा वन्सं तिथं अगदी सुखात आहेत. त्यांच्या सासरी मला सगळे 'कवळी वैनी' म्हणतात. हा किस्सा ठाऊक नसलेली माणसं नाव ऐकून मोठ्या हौसेनं मला बघायला येतात, वरपासून खालपर्यंत न्याहाळतात आणि म्हणतात, "ह्या व्हय? ह्या तर चांगल्या जून झाल्यात की!"