कमरेचा फोटो

रत्नागिरीच्या बंदरावर कमळा मासळी विकायला बसते, त्याला आता तीसेक वर्षं होतील. तिच्याशी घासाघीस करायला गिऱ्हाईक कचरतं. नवरा दर्यात बुडाला त्या वर्षी तिने तीन वर्षांच्या नितेशला शेजारणीकडे ठेवलं आणि कोणालाही न विचारता मासळीची पाटी डोक्यावर घेतली. विचारत बसणाऱ्याची मासळी नासते, असं ती आजही सुनावते.

नितेशच्या लग्नाला नऊ वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. सून नम्रता गुणाची. कमळाने तिला त्यावरून कधी टोचलं नाही, नवस मात्र किती केले त्याला गणती नाही.

गेल्या गणपतीत घरात अडचण नको म्हणून नम्रताने पाळी लांबवायच्या गोळ्या घेतल्या. पुढे पाळी आलीच नाही, ती गोळ्यांमुळेच, असं दोघींनी धरलं. त्यातच नम्रता जेटीवर घसरली आणि कमरेचा फोटो काढावा लागला. ‘गरोदर असाल तर सांगा’ अशी पाटी एक्स-रेच्या खोलीच्या दारावर होती. ती आपल्यासाठी नव्हेच, असं समजून नम्रता आत गेली. तीन आठवड्यांनी कळलं, दिवस गेलेत.

कमळाचा आनंद संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. अणुवीज प्रकल्पाविरुद्धच्या मोर्चांना ती गेली होती, तिथल्या फलकांवर किरणांनी वेडीवाकडी जन्मलेली पोरं तिने पाहिली होती. फोटो म्हणजे तीच किरणं. नितेश बोटीवर, फोन लागेना. कमळा कसली थांबते! सुनेला घेऊन तिने लांबचा दवाखाना गाठला, आणि तिथे फोटोचं नावही काढू दिलं नाही, उगाच बोल लावतील म्हणून. मूल नकोय, एवढंच सांगायला लावलं. नम्रता रडत होती, पण सासूचा शब्द मोडायची तिला सवय नव्हती. नितेश परतला तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

या मे महिन्यात कमळाचा खोकला हटेना. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढायला सांगितला, तर ही नकोच म्हणून बसली. बाईंनी खोदून विचारलं तेव्हा तिने ओळखीतल्या एकीची गोष्ट म्हणून सगळं सांगून टाकलं.

बाई म्हणाल्या, "कमरेच्या एका फोटोत किरणं फार थोडी असतात. त्याने मुलात व्यंग येत नाही. पुढे आजाराचा धोका वाढला तर नावापुरता. त्यासाठी कोणी मूल पाडत नाही, मावशी. त्यांनी आधी विचारायला हवं होतं."

कमळा कशीबशी घरी आली. खरं सांगावं तर सून जन्मभर जळणार, न सांगावं तर आपण. सासूला दुखण्याची भीती बसली असेल असं वाटून नम्रताने चहा पुढे ठेवला आणि जवळ येऊन बसली.

"ह्याच म्हयन्यात झाला असता," ती हळूच म्हणाली. "आई, तुमी होतात म्हणून त्या पोराचे हाल वाचले. माझा एकटीचा धीर झाला नसता."

कमळाने मान हलवली आणि चहा घेतला.