घेतली म्हणेपर्यंत

आबा, म्हणजे माझे सासरे, गेल्याची बातमी मला कुणी शब्दांत सांगितलीच नाही. दुपारी फोन वाजला. पलीकडे आमचे हे होते, पण काही बोलेचनात... नुसता श्वास ऐकू येत होता. मी दहिवलीच्या घरी सासूबाईंना पेज भरवत होते. चमचा हातात धरूनच मी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. अर्धांगवायू झाल्यापासून आईंना एकेक घास गिळायला वेळ लागतो, मध्येच उठून चालत नाही. वाटी संपवली, त्यांचं तोंड पुसलं, मग मोरीत जाऊन रडले. आता दीड महिना होत आला, पण ते रडू काही पुरं झालेलं नाही. वेळच मिळत नाही हो, खरं सांगते.

आबांनी उभं आयुष्य कुंभिवलीच्या बाजूच्या एका कागद कारखान्यात काढलं. कागदाची मशीन अखंड चालते, तिला एकटं सोडायचं नाही असा तिथला रिवाज. पाळी संपून भोंगा झाला तरी नाही. पुढच्या पाळीचा माणूस, त्यांच्या भाषेत रिलीव्हर, येणार, मशीनच्या कठड्यावर हात ठेवून ‘घेतली’ म्हणणार, मगच आधीच्याने आपला डबा उचलायचा. माझ्या साखरपुड्याला सगळे ताटकळले होते आणि नवऱ्या मुलाच्या वडिलांचाच पत्ता नव्हता. माझे मामा तर फुगून बसले होते. शेवटी आबा आले ते कारखान्याच्या खाकी कपड्यांतच, मनगटावर कागदाचा लगदा वाळलेला. हात जोडून म्हणाले, “पावणं, माफी करा. रिलीव्हर आलाच नाय. मशीन कुनाच्या हातात देऊन येऊ?” मामा माझ्या कानाशी पुटपुटले, “या माणसाला पोरापेक्षा मशीन मोठी दिसतेय.” मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. त्यांच्या घरात राहायला आल्यावर कळलं, की हातातलं काम कुणाच्या तरी हातात दिल्याशिवाय त्या माणसाला उठताच येत नसे. मग ते कारखान्यातलं असो की चुलीवरचं दूध.

ते निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत आईंची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. उरले ते दोनच शब्द, ‘नाय’ आणि ‘बाय’. सकाळी मला बालवाडीत शिकवायला जावं लागतं, ह्यांचा टेंपो पहाटेच खालापूरकडे निघतो. आबांनी कुणाला न विचारता सकाळची पाळी घेतली. आईंना पुसून घेणं, कपडे बदलणं, कूस बदलणं, सगळं तेच करायचे. वेणीसुद्धा घालायचे, तीही अशी घट्ट आणि वाकडी, की आई डोळे वटारायच्या आणि आबा खुदखुदत म्हणायचे, “बघ गं सुनबाय, अजून रागावते माज्यावर!” मी घरी आले की कॉटजवळच्या खुर्चीतूनच हिशोब द्यायचे. पानी पाजलंय, कूस बदललीय, गोळी ऱ्हायलीय... पाळी घेतली का? पहिल्यांदा मी हसलेच. पण मी कॉटच्या कठड्यावर हात ठेवून ‘घेतली’ म्हणेपर्यंत ते उठायचे नाहीत. उठले की मात्र तडक बाजारात. येताना आईंसाठी मऊ पिकलेली केळी आणि माझ्यासाठी गरम वडा. कधी विसरले नाहीत.

त्या दिवशी मी घरी आले तर शेजारच्या कमलताई दारात रडकुंडीला येऊन उभ्या. “सकाळपासनं छातीत दुकतंय त्यांच्या. मी बसते म्हनलं, तर आयकत नाय. सुनबाय येऊ दे म्हनतात. फोन पन करू देत नाय!” आत आबा खुर्चीत, शर्ट घामाने चिंब, चेहरा राखेसारखा. मी ओरडलेच, “अहो आबा, काय हे!” तर ते तोंडातल्या तोंडात म्हणतात, “पानी पाजलंय... कूस बदललीय...” कमलताईंनी रिक्षा बोलावली, ती दाराशी उभी, आणि हा माणूस उठायला तयार नाही! शेवटी मी कठड्यावर हात आपटून किंचाळले, “घेतली! घेतली हो, उठा आता!” तेव्हा उठले. जाताना आईंच्या कपाळावरचे केस मागे सारले. दवाखान्यात जेमतेम दोन दिवस राहिले. तिथले डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. आम्हाला काय ते कळत नव्हतं?

मला आबांचा राग येतो. माणूस गेला म्हणून राग जात नाही. आईंची पाळी माझ्या हातात देऊन सुटले, पण माझा रिलीव्हर कोण ते सांगायला नको होतं का? बालवाडी सुटल्यातच जमा होती. कमलताई सकाळी बसायला तयार होत्या, रोज विचारत होत्या. पण माझाच पाय निघेना. तोंड भरून त्या माणसाला नावं ठेवणारी मी, त्याच्याच खुर्चीत त्याच्यासारखीच बसून राहिले. अंग आंबून गेलं, पण उठवेना. बालवाडीतून निरोप आला, सोमवारी येणार नसाल तर दुसरी बाई बघतो.

सोमवारी साडी नेसले, डबा भरला आणि पुन्हा खुर्चीत बसले. कमलताईंना सांगायला लागले, पाणी पाजलंय, कूस बदललीय, गोळी राहिलीय. त्या आपल्या “हो गं बाय, जा तू” म्हणत राहिल्या. काय म्हणायचं असतं ते त्यांना कुठून माहीत असणार! तेवढ्यात कॉटचा कठडा वाजला. आईंनी डावा हात त्यावर ठेवला होता. ओठ कितीतरी वेळ नुसतेच हलले... मग म्हणाल्या,

“घे... तली.”

मी डबा उचलला.