खेकड्यांच्या दोन चिठ्ठ्या

स्पिरिटचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. कल्याणला रेल्वेचा एक साहेब हौसेने खाडीतले जीव गोळा करून त्यांची कुळं, जाती, पोटजाती ठरवायचा, आणि ते बुडवून ठेवलेल्या स्पिरिटच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या मी लिहायचो. एकदा मोठ्या नांगीचा खेकडा आणि बारक्या नांग्यांचा खेकडा त्याने दोन वेगळ्या जातींत टाकले. चिखल गळणारी टोपली घेऊन उभी असलेली कोळीण खदखदून हसली, “अरं, यो दादला न ही त्याची बायको!” मी साहेबाला दोनदा सांगून पाहिलं. “ग्रंथ तिने वाचलेत की मी?” तो खेकसला. पोटासाठी मी गप्प बसलो, वर चिठ्ठ्याही लिहून दिल्या. ते जोडपं अजून दोन कपाटांत आहे, आणि दोन्हीकडे अक्षर माझंच.