चुडामण आबांना कोण काढणार

आमच्या चुडामण आबांना कुणी विचारलं, तुमचा धनी कोण, की ते सगळ्या शिवाराकडे हात करायचे. पांझरा नदीच्या बंधाऱ्यावर ते पाटकरी होते, म्हणजे पाटाचं पाणी पाळीपाळीने शेतात सोडणारे. त्यांना सरकारने नेमलं नव्हतं. दरवर्षी सगळे शेतकरी बंधाऱ्यावर बसत, कुठल्या फडात, म्हणजे शेतांच्या कुठल्या पट्ट्यात, ऊस घ्यायचा ते ठरवत आणि पाटकरी ठेवायचा की बदलायचा, तेही तिथेच.

पाणी कमी पडलं की शेवटच्या शेताला आधी, असा आमचा नियम. तो पाळण्यात आबा इतके हट्टी, की पाटाच्या वरच्या अंगाला त्यांच्या सख्ख्या मेहुण्याचा, भटूचा ऊस डोळ्यांदेखत वाळला, तरी त्यांनी पाळी मोडली नाही. भटूने त्यांच्याशी बोलणं टाकलं.

एकोणीसशे अडतीस साली अतिपावसाने पिकं कुजली, तरी इंग्रज सरकारने शेतसारा पुरा मागितला. गावंच्या गावं मामलेदार कचेरीवर जाऊन बसली. मीही बायकांत बसले होते. आबा सवयीने टोकाच्या शेतकऱ्यांना पुढे बसवत होते, म्हणून मामलेदाराला वाटलं, पुढारी हाच. त्याने बजावलं, यांना घरी ने, नाहीतर तुला पाटकरीपणावरून काढतो. आबांचं घर त्याच कामावर चालायचं. शिवाय ते उठले असते तर सगळेच उठले असते.

आबा शांतपणे म्हणाले, "मले तुम्ही ठेवेल नही, गावनी ठेवेल शे. काढानं व्हई तं गावच काढी."

मामलेदार हसला. गाव समोरच आहे की, म्हणाला. याच्याविरुद्ध तक्रार असेल त्याने हात वर करावा.

भटूचा हात वर गेला. मनात त्याला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही.

भटू उठला. "तकरार मनी शे. पन ती बंधारावर सांगसू. आठे नही." एवढं बोलून तो आबांच्या शेजारी जाऊन बसला.

मग कुणीच हललं नाही. शेवटी मामलेदाराला शेतं पाहायला यावं लागलं आणि त्या वर्षी सारा तहकूब झाला.

पुढच्या बैठकीत भटूने भीडभाड न ठेवता तक्रार मांडली. आबांनी ती पुरी मांडू दिली. आबांना ठेवायला सगळ्यांचे हात वर झाले, भटूचा तेवढा नाही. लोकशाही म्हणजे काय, हे पुढे पुष्कळांनी आम्हाला भाषणांतून समजावलं. मी ऐकून घेते. पण त्या दिवशी बैठकीतून घरी जाताना आबा ताठ मानेने सांगत होते, मेहुणा असावा तर असा.