बोक्याचा श्रावण

आमच्या बोक्याला साखरेची बिमारी आहे म्हटलं की कामरगावात लोक आधी हसतात, मग विचारतात, "त्याले इंजेक्शन कोन देते?" मी देते. सकाळी शाळेत जाण्याआधी आणि संध्याकाळी परत आल्यावर. मानेमागची कातडी चिमटीत धरायची, सुई टोचायची, झालं. हे काम मला उत्तम जमतं, आणि ते सांगायला मी लाजत नाही.

माझी शाळा धनजला, आणि तिकडची जीप मास्तरीणबाईसाठी खोळंबत नाही, म्हणून कामं वाटलेली. सासूबाई त्याला उकडलेलं अंडं खाऊ घालतात, मी सुई देते. तो जेवल्याशिवाय सुई नाही, हा घरातला कायदा. उपाशी पोटी इन्सुलिन गेलं तर जीवावर बेततं, हे जनावरांच्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं होतं.

श्रावण लागला. एरवी मटणाच्या रश्श्याची वाटी सगळ्यांआधी पुढे करणाऱ्या सासूबाई या महिन्यात अंड्याला हातसुद्धा लावत नाहीत. मी परसात विटांची चूल मांडली, वेगळं पातेलं ठेवलं. अंडं मी उकडून थाळीत ठेवायचं, त्यांनी फक्त थाळी बोक्यापुढे सरकवायची, असं ठरलं. मला वाटलं, मिटलं.

त्या रविवारी कपडे धुता धुता मी विचारलं, "आई, खाल्लं का त्यानं?"

"हो."

मी हात पुसले आणि सुई दिली.

दोन-एक तासांनी बोका ओसरीवर झिंगल्यासारखा चालू लागला आणि आडवा पडला. मी धावत जाऊन साखरेचं पाणी कालवलं, बोटाने त्याच्या हिरड्यांना चोळत राहिले. फोनवर डॉक्टर सांगत होते, थांबू नका.  हा गेला तर माझ्याच हाताने जाईल, एवढंच डोक्यात होतं.

"आई, खरं सांगा. काय देल्लं त्याले?"

"अंडं ठेवलं बाजूले, दूध-पोळी देल्ली. श्रावन हाय ना. मुक्या जनावराले तेवढंच पुन्य लागीन म्हनलं." त्या खाली बसल्या. "त्यानं तोंड लावलं नसन. कुत्र्यानं खाल्ली असन. थाळी रिकामी दिसली, म्हनून हो म्हनलं मी."

मला संताप आला. पण तेवढ्यात बोक्याने माझं बोट चाटलं, मग मान उचलली. रागवायचं राहूनच गेलं.

सोमवारी सकाळी मी साडीच्या निऱ्या घालत होते. परसातून धूर आला. सासूबाई नाकाला पदर लावून विटांच्या चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी आपल्या हाताने अंडं सोललं, कुस्करलं, आणि बोका शेवटचा घास संपवेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

"खाल्लं त्यानं. मी डोयानं पाह्यलं. आता टोच."

मी सुई दिली. त्या दुसऱ्यांदा आंघोळीला गेल्या.