कादंबरीत नसलेली छत्री

इंटरव्हलची घंटा व्हायच्या आधीच वकीलसाहेब माझ्या ऑफिसात घुसले. टोपी वाकडी झालेली, काठी काखेत मारलेली.

"मॅनेजर, खेळ बंद करा. तुमच्या ऑपरेटरनं शेवटचं प्रकरण सगळ्यात आधी दाखवलंय."

"साहेब, आधी बसा तरी."

"बसतो कसला! स्टेशनचा प्रसंग शेवटी आहे. हे पाहा."

त्यांनी खरोखरच कोटाच्या खिशातून कादंबरी काढली आणि शेवटचं पान माझ्या नाकासमोर धरलं. मला ते पान पाहायची गरज नव्हती. मला ते पाठ होतं.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होतं आणि मी अकोल्याच्या एका टॉकीजचा मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे गेटवर भांडणं सोडवणारा आणि शेठजींच्या शिव्या खाणारा माणूस. उरलेल्या वेळात मी वाचायचो. वाचनालयात नवीन पुस्तक आलं की आधी वकीलसाहेबांकडे जायचं आणि मग माझ्याकडे, असा शिरस्ताच पडला होता. त्यामुळे या कादंबरीवर बोलपट निघाला हे कळल्यावर गावात सगळ्यात जास्त उतावीळ आम्ही दोघंच होतो. कादंबरीचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिचे भक्त अजून जिवंत आहेत आणि ते फार भांडकुदळ आहेत.

गोष्ट साधी आहे. नवरा गिरणीत कामाला म्हणून मुंबईला जातो. हळूहळू त्याची पत्रं बंद होतात. बायको वर्षानुवर्षं वाट पाहते, सासरच्यांचं ऐकून घेते, स्वतःच्या हिमतीवर घर चालवते. शेवटच्या प्रकरणात तो येणार असा निरोप येतो. ती स्टेशनवर जाते, तो गाडीतून उतरतो, ती त्याला डोळे भरून पाहते आणि एक शब्दही न बोलता पाठ फिरवून घरी जाते. तिथपर्यंत वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असतो, तो येणार की नाही म्हणून. ते प्रकरण वाचून मी दोन दिवस कोणाशी धड बोललो नव्हतो.

आणि बोलपटात नावं संपली की पहिलंच दृश्य स्टेशनचं. एक थकलेली बाई, हातात जुनी छत्री, छत्रीच्या मुठीला चिंधी गुंडाळलेली. गाडी येते. दाढीवाला एक माणूस उतरतो. ती बघते आणि वळून चालू लागते. मग एकदम सनई, आणि तिचं लग्न.

पहिल्या दिवशी वकीलसाहेबांच्या मागोमाग शाळेतले दोन मास्तर आले, मग वाचनालयाचे सेक्रेटरी आले. सगळ्यांची तक्रार एकच, रिळं उलटी लागली. गंमत अशी की तक्रार करणारा एकूणएक माणूस कादंबरी वाचलेला होता. बाकीचं थेटर मुकाट पाहत होतं. बायकांच्या बाजूला दर आठवड्याला येणारी भाजीवाली गंगूबाई बाहेर पडताना मला भेटली. मी विचारलं, गोष्ट कळली का?

"त्यात काय कळाचं हाय? बाई टेसनावरून वापस गेली. मंग काहून गेली, थे दाखवलं."

मी ते हसण्यावारी नेलं. आम्हा वाचणाऱ्यांना अशा गोष्टी लवकर पटत नाहीत.

संशयाला मात्र जागा होती. त्या दिवशी नावं संपता संपताच फिल्म तुटली होती. फिल्म तुटली की ऑपरेटर दोन्ही टोकं खरवडतो, त्यांना फिल्मचं सिमेंट लावतो आणि चिकटवतो. त्याला जोड म्हणतात. हबीबभाईंनी जोड देऊन खेळ पुढे चालू केला होता. झालं, गावभर बातमी पसरली की हबीबनं जोड देताना शेवटचा तुकडा सुरुवातीला चिकटवला.

हबीबभाई मुक्या चित्रपटांच्या काळापासून मशीनवर होते. मशीन नुसतं घरघरलं तरी दिव्यातली कार्बनची कांडी किती झिजली ते सांगणारा माणूस. दुसऱ्या दिवशी ते टॉकीजमध्ये आले तर पानठेल्यावरच्या पोरांनी आरोळी दिली, "आले, शेवटवाले हबीबभाई आले!" ते तडक वर केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

दुपारी शेठजी आले. आमचे मालक गोकुळशेठ म्हणजे भला माणूस, पण गावातल्या मोठ्या लोकांना फार भ्यायचा.

"वकीलसाहेब पेपरात लिवतो म्हनून राहिले. आपल्या टॉकीजची इज्जत काय राह्यली? त्या हबीबले सांगा, थो तुकडा शेवटी लाव. नाई तर घरी बस. मी दुसरा ऑपरेटर पाहतो."

"शेठजी, जोड बरोबर असेल तर?"

"मंग इतके शिकलेले लोक खोटं बोलून राहिले काय?"

 हबीबभाईंना त्या वयात दुसरी टॉकीज कोणी दिली नसती, आणि दिली असती तरी "शेवटवाले" हे नाव त्यांच्या आधी तिथे पोचलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अमरावतीची गाडी पकडली. वऱ्हाडातले बोलपट अमरावतीच्या ऑफिसांतून गावोगाव जायचे. आमचा ज्या ऑफिसातून आला होता ते राजापेठेत होतं. तिथल्या कारकुनाला विचारलं, या बोलपटात स्टेशनचं दृश्य सुरुवातीला आहे की शेवटी?

"स्टेशन हाय काय त्याच्यात?" तो म्हणाला.

"तुम्ही पाहिला नाही?"

"साहेब, आमी पेट्या मोजतो. पाहाचं काम तुमचं."

आमच्याआधी ही प्रिंट अचलपूरला, म्हणजे तेव्हाच्या एलिचपूरला, तंबूत चालली होती. तिथे विचारावं तर तंबू उठून भलत्याच जत्रेला गेला होता. मी बडनेऱ्याला गाडी बदलून हात हलवत परत आलो.

संध्याकाळच्या खेळाला मी मागे भिंतीला टेकून उभा राहिलो आणि पहिल्यांदा सगळा बोलपट एका दमात पाहिला. खरं सांगतो, आधी माझाही जीव कळवळत होता. माझ्या मनातली ती उंच होती, ही बुटकी. तिच्या मामाच्या इस्टेटीचा खटला कादंबरीत चांगला ऐसपैस आहे, वकीलसाहेबांचा सगळ्यात लाडका भाग. इथे तो अजिबात नव्हता. नुसता मामा कचेरीच्या पायऱ्या उतरताना दिसतो, जोडे हातात घेऊन. तेवढंच. पण ते हातातले जोडे पाहिले आणि मी मनात म्हणालो, अरे, हरला की हा! अख्खा खटला त्या बहाद्दर डायरेक्टरनं एका पायरीवर उरकला होता. तिथून पुढे मी भांडायचं सोडलं आणि पाहायला लागलो.

आणि मग हळूहळू उमगलं. कादंबरीत ती स्टेशनवर पाठ फिरवते त्याआधी कितीतरी पानं तिच्या मनातलं चाललेलं असतं. पडद्यावर मन कसं दाखवणार? म्हणून त्यानं ते वळणं आधी दाखवलं आणि पुढचा सगळा बोलपट म्हणजे तिच्या मनातली ती पानं केली. दळताना, पाणी भरताना, टोमणे ऐकताना आपण तिच्याकडे बघत राहतो, कारण एक दिवस ही पाठ फिरवणार हे आपल्याला ठाऊक असतं. शेवटी ती खुंटीवरची छत्री काढते, दार ओढून घेते, आणि बोलपट संपतो. पुढचं आपण आधीच पाहिलेलं असतं. गंगूबाईनं हेच तर सांगितलं होतं. मला त्या न पाहिलेल्या डायरेक्टरच्या पाया पडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी वकीलसाहेबांच्या घरी गेलो.

"साहेब, रविवारी दुपारचा खेळ तुमच्या कादंबरीप्रमाणे लावतो. स्टेशन शेवटी. संध्याकाळचा पेटीतून आला तसा. दोन्ही एकाच खुर्चीत बसून पाहायचे. मग पेपरात काय लिहायचं ते लिहा."

"आणि मी दुपारीच जिंकलो तर?"

"तर संध्याकाळी घरी आराम करा."

हबीबभाईंना सांगणं जास्त अवघड होतं. ते लेन्स पुसत ऐकत राहिले.

"तोडून शेवटी लावून देतो," ते म्हणाले. "पन मी चुकलो म्हनून नाई. तुमी म्हनता म्हनून. आन् संध्याकाळी परत लावीन. दोन जोड जास्तीचे पडतीन, थे कंपनीले तुमी सांगा."

रविवारी दुपारी थेटर भरलं होतं. नावं, सनई, लग्न. वकीलसाहेबांनी वळून माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. अर्ध्या तासात खुर्च्या करकरायला लागल्या. ती दळत होती आणि लोकांना ती नुसती दळताना दिसत होती. पुढे जमिनीवर बसलेल्यांनी शिट्ट्या सुरू केल्या. एकजण ओरडला, "अवं बाई, पीठ झालं आता!" शेवटी ती छत्री घेऊन निघाली, स्टेशन आलं, दाढीवाला उतरला. थेटर एकदम ताठ बसलं. आता बोलणार, आता रडणार. ती वळली आणि पडद्यावर "समाप्त".

"सपलं काय?"

"अबे, एक रीळ चोरीले गेलं!"

"बोलली काहून नाई थे?"

गेटवर लोकांनी शेठजींना घेरलं. पहिल्या दिवशी शिकलेले ओरडत होते, आज बाकीचे. शेठजींचा सदरा घामानं ओला झाला होता. वकीलसाहेब गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले. त्यांचा विजयी चेहरा कुठे गेला होता कोण जाणे. नुसतं म्हणाले, "संध्याकाळी येतो."

आले. त्याच खुर्चीत बसले. हबीबभाईंनी मधल्या वेळात तुकडा परत जागेवर लावला होता. स्टेशन, छत्री, ती वळली, सनई. मी पडद्याकडे कमी आणि वकीलसाहेबांकडे जास्त पाहत होतो. मामा जोडे हातात घेऊन पायऱ्या उतरला तेव्हा ते पुढे झुकले. त्यांच्या धंद्यातला माणूस, त्यांना त्या जोड्यांचा अर्थ माझ्यापेक्षा चांगला कळला असणार. दळणाच्या वेळी एक शिट्टी वाजली नाही. शेवटी तिनं खुंटीकडे हात नेला. चिंधी बांधलेली ती मूठ दिसली आणि बायकांच्या बाजूनं कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "चालली वं माय!"

दार बंद झालं. दिवे लागले तरी लोक जरा वेळ बसूनच राहिले. मॅनेजरनं लोकांसमोर रडायचं नसतं, म्हणून मी उगाच गेटचा पडदा सारखा करत राहिलो.

वकीलसाहेब बाहेर न जाता केबिनच्या लोखंडी शिडीवर चढले. धोतर सावरत, एकेक पायरी. मी मागे. वर भट्टीसारखा उकाडा होता.

"हबीबभाई, जोड तुमचा बरोबर होता. मीच गावभर उलटं सांगितलं. आता गावभर सुलटं सांगतो."

हबीबभाईंनी रिळांची पेटी फडक्यानं पुसून पुढे सरकवली. "बसा वकीलसाब. मले एक सांगा. किताबात थे जाताना काही बोलते काय?"

पेटीवर बसून वकीलसाहेबांनी कादंबरीचा शेवट सांगितला. कोर्टात बोलतात तसं नाही, हळू आवाजात. तिच्या मनात काय काय येतं, गाडीची शिट्टी कशी ऐकू येते, ती छत्री हातात घट्ट धरून कशी वळते. मीही मध्येच पुस्ती जोडली, मुठीला चिंधी आहे हो, लुगड्याची. हबीबभाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "किताब बी चांगली हाय."

शेठजींनी खाली मान घालून हबीबभाईंना चहा पाठवला. माफीचा तेवढाच प्रकार त्यांना येत होता. पानठेल्यावरच्या पोरांना वकीलसाहेबांनी स्वतः दम दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या घरी हजर. काखेत कादंबरी.

"मॅनेजर, छत्री नाही."

"कुठे नाही?"

"पुस्तकात. रात्रीपासून शोधतोय. कुठेच नाही. ती डोक्यावर पदर घेऊन उन्हात जाते."

मी पुस्तक ओढून घेतलं. पाठ असलेलं पान तीनदा वाचलं. छत्री नव्हती. खुंटी नव्हती. चिंधी तर नव्हतीच.

"मी शपथेवर साक्ष दिली असती हो," वकीलसाहेब म्हणाले. "आणि आता वाचतो तरी तिच्या हातात दिसतेच. काय करू?"

 मलाही दिसत होती. अजूनही दिसते.

बोलपट आमच्याकडे अपेक्षेपेक्षा जास्त दिवस चालला. हबीबभाई नजर अधू होईपर्यंत त्याच केबिनमध्ये राहिले. पुढे पुस्तकांवरचे आणखी बोलपट आले आणि मी एक नियम केला. पुस्तक वाचलेल्या माणसाची तक्रार सोमवारपर्यंत ऐकून घ्यायची नाही. मी स्वतः त्याच जातीचा असल्यामुळे हा नियम मला जड गेला, पण पाळला.

छत्रीची हकिकत कळल्यापासून हबीबभाईंचा नियम वेगळा होता. असा खेळ सुटला की ते शिडीवरून खाली यायचे आणि वकीलसाहेबांना गाठून विचारायचे, "वकीलसाब, याच्यात छत्री कोनती?"

वकीलसाहेब विचार करून पुस्तकात नसलेली एखादी गोष्ट सांगायचे. कधी एखादा कंदील, कधी नुसतं कोणाचं तरी खोकणं. पण कधीकधी ते पुस्तकाबरहुकूम निघालेल्या बोलपटातून बाहेर यायचे, काठी टेकत, अगदी समाधानानं, आणि म्हणायचे, "याच्यात छत्री नाही, हबीबभाई."

मग मी शेठजींना सांगायचो की पुढच्या आठवड्यासाठी दुसरा बोलपट मागवून ठेवा.